शून्याची राखण

तारेत काही नव्हतं.
दोन्ही टोकं मी स्वतः सोडवून टेबलावर ठेवली होती,
तरी मीटर म्हणत होता, तीन अँपिअर.
मग जवळजवळ शून्य.
मग पुन्हा तीन.

भोसरीत, आमच्या भिंतीपलीकडे,
गायवळांच्या शेडमध्ये स्पॉट वेल्डिंग चालतं.
एकेका ठिपक्याला आठ हजार अँपिअर.
साडेतीनला त्यांची दुसरी पाळी लागली
की आमच्या सेन्सरला भास होऊ लागतात.
त्याचा दोष नाही.
त्याला तार दिसत नाही, वीज दिसत नाही,
अंगावरून जाणारं चुंबकाचं वारं तेवढं कळतं,
आणि वाऱ्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

म्हणून ढाल.
निकेल-लोखंडाचा पातळ पत्रा,
घोड्याच्या नालासारखा वळवलेला.
मणियार चाचा पहिल्या आठवड्यातच म्हणाले होते,
ढाल म्हणू नकोस, वासंती.
ढाल अडवते. हा कुणाला अडवत नाही.
येणाऱ्याला म्हणतो, इकडून या, इकडून सोपं पडेल,
आणि अंगातल्या अंगात वळसा देऊन पलीकडे सोडतो.
मध्ये बसलेल्याला पत्ता लागत नाही.

मग वरची बाजू उघडी कशाला, मी विचारलं होतं,
पुरतीच बंद करून टाकू.
चहा बशीत ओतत म्हणाले, करून बघ.
केली.
दोनशे अँपिअरला पत्रा
आतल्याच तारेनं तुडुंब भरला,
बाहेरच्याला वाट द्यायला त्यात जागाच उरली नाही.
तेव्हापासून मी फट मोजते.
साडेचार मिलिमीटर.

पण ही ढाल तर परवापर्यंत चोख होती.
डोळ्यांना आजही चोखच. पोचा नाही, चरा नाही.
गायवळांना मी दोन पत्रं धाडली होती,
पुण्याच्या माणसाला शोभेल अशा भाषेत,
"कृपया", "वारंवार" आणि "नाइलाजाने" घालून.
तिसरं टाइप करून ठेवलेलं.

प्रज्योतकडे पाहिलं.
डिप्लोमा होऊन दीड महिना,
राजगुरुनगरहून रोज दोन बस बदलून येतो.
तो स्क्रूड्रायव्हरांची रांग लावत होता,
लावलेलीच.

"पडली होती?"
"नाही, मॅडम."
भिंतीपलीकडे ठिपका बसला. तीन अँपिअर.
"कमरेएवढ्या उंचीवरून," तो म्हणाला.
"पण काही झालं नव्हतं तिला. मी बघितलं ना, नीट."

काय सांगणार.
की हा धातू मुका मार धरून ठेवतो,
की वरून साबूत आणि आतली कणांची घडी मोडलेली,
की सोपी वाट आता तिच्यातच उरली नाही.
रागवायला तोंड उघडलं
आणि आठवलं, माझ्या पहिल्या वर्षी
वाकलेली एक मी हातोडीनं ठोकून सरळ केली होती,
वर चाचांना दाखवलीही होती, कौतुकासाठी.
ते काही बोलले नव्हते.
नुसतं भट्टीचं दार उघडलं होतं.

तेच केलं.
हायड्रोजनमध्ये अकराशे सत्तर अंश, चार तास,
मग सावकाश उतरू द्यायचं, अजिबात घाई नाही.
बाराच्या पुढं प्रज्योतची शेवटची बस गेली.
पाकिटं फोडून आम्ही भेळ खाल्ली, पॅकिंगच्या खोक्यावर बसून,
त्याच्या बहिणीच्या सीईटीविषयी बोललो,
आणि मी तिसरं पत्र खोडून टाकलं.
पहिल्या दोनांचं काय करायचं
ते अजून ठरत नाही.

सकाळी त्यानं ती दोन्ही हातांत धरून आणली,
श्वास न घेता.
बसवली. फट मोजली.
आम्ही साडेतीनची वाट पाहिली.
पलीकडे धाड, धाड, धाड,
ठिणग्यांचा वास खिडकीतून आत आला,
मीटर हलला नाही.

"मॅडम, पण शून्य नाही आलं.
शून्य पूर्णांक शून्य दोन आहे."
ते पृथ्वीचं, मी म्हटलं.
"ते काढायचं?"
नको, राहू दे. नोंद कर.

रजिस्टरात त्याच्या तिरक्या अक्षरात आहे ते,
तारीख, वेळ, ०.०२,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, मी न सांगता,
"पडली होती."