न चाललेले स्नायू

मॉन्ट्रियल, फेब्रुवारी. बाहेर उणे बावीस,
आत कपाटात सदतीस.
बशीच्या तळाशी उंदराच्या स्नायूंचे तंतू
एकमेकांना बिलगून आडवे.
सहा दिवस घोड्याच्या रक्तद्रवावर पोसले त्यांना,
आज पहाटेपासून उपाशी ठेवले.
भुकेल्याशिवाय साखरेचा हिशेब लागत नाही.

एका बशीत इन्सुलिन, एकीत मेटफॉर्मिन,
तिसरीत टॅमरॅकच्या सालीचा काढा.
चौथीत नुसतं पाणी. तीही लागतेच.

साल बेला नीपोशची. क्री बाई, वय एकोणऐंशी,
दहा तासांचा रस्ता करून आलेली,
आपल्या सालीचं आम्ही करतो काय, ते बघायला.
पर्समध्ये सात कप्प्यांची गोळ्यांची डबी,
हातात डोनट.

मी सांगू लागले: पेशीच्या पोटात दारं असतात,
मिटून ठेवलेली.
निरोप आला की ती काठाला येऊन लागतात
आणि साखर आत शिरते.
इन्सुलिन निरोप घेऊन येतं.
साल निरोप आणत नाही. ती चुलीत धूर करते जरासा.
पेशीला वाटतं, सरपण संपत आलं,
मग ती आपणच दारं लावते काठाला.

"म्हणजे फसवते."
"थोडंसं."
"झाडही तसंच आहे," बेला म्हणाली,
"थंडीत सगळ्या सुया गाळतं,
मेल्याचं सोंग घेऊन उभं राहतं."

मग भिंगाला डोळा लावून बराच वेळ गप्प.
एक तंतू आपला आपणच थरथरला.
"हे चाललेत का कधी?"
"नाही."
"काही उचललंय?"
"नाही."
"मग यांना विचारून काय कळणार!"
आणि हसली, तोंडाला साखर लागलेली.

गुडघे गेल्यापासून साल नातू आणतो, स्नोमोबाइलवरून.
काढा तोच, पातेलं तेच,
आकडा मात्र चढाच.

ती गेल्यावर मी नोंद केली:
तिसरी बशी, पाण्याहून बरीच जास्त,
इन्सुलिनहून थोडी कमी.
आकुंचन पावणारा स्नायू
कुणाच्या निरोपाची वाट बघत नाही,
हे मला विसाव्या वर्षीच शिकवलं होतं.
तरी झाडापर्यंतच्या वाटेला
तक्त्यात रकाना नव्हता.

शुक्रवारी फोन केला.
किती लांब आहे हो ते झाड?

पलीकडे टीव्ही चालू होता.
"कोणत्या वयात?" तिने विचारलं.