धुवू नये

एल आल्तोच्या या गल्लीत, तेरा हजार फुटांवर
माझं शिलाईचं दुकान. पाटीवर नांगर रंगवलाय.
लोक हसतात. हसोत.
किनारा नसलेल्या देशाला आरमार आहे,
त्या आरमाराचे कपडे कुणीतरी शिवायला हवेतच.

निकानोर काल्सिना पहिल्यांदा आला
तेव्हा मनगटं बाहीबाहेर लोंबत होती.
बाप तितिकाकाच्या काठी गवताच्या होड्या बांधायचा,
आईनं दोन लामा विकून कापड घेतलेलं.
छाती बत्तीस, कंबर सव्वीस.
"सैल ठेवा मास्तर, मी अजून वाढणार आहे."

वाढला.
चार-पाच वर्षांनी यायचा, मी आणखी एक फीत टाचायचो.
पहिली तिकिनाच्या गस्तीची.
गस्त कसली, मासेचोरांमागे धावाधाव,
आणि एकदा फेरीतून पडलेली नवरीची पेटी काढली तळातून.
दुसरी बेनीच्या पुरातली:
छपरांवरून म्हाताऱ्या उतरवल्या, वासरं उतरवली,
एक शिक्षक, जो फळा सोडायला तयार नव्हता.
तिसरी का मिळाली ते बोलला नाही.
त्या वर्षी ला पासच्या चौकात रणगाडे होते
आणि त्याच्या उजव्या कोपरापाशी कापड जळालं होतं.
मी रफू केलं. विचारलं नाही.
चांगला रफू दिसत नाही म्हणतात.
मला दिसायचा.

मग सहा महिने अर्जेंटिनात, खऱ्या जहाजावर.
परतला तो बेनेदिक्ताला भेटण्याआधी इथं.
पँटच्या मोहरीवर पांढरी रेघ,
वाकडीतिकडी, वाळलेली.
"ही धुवायची नाही."
मी बोट ओलं करून लावलं, जिभेवर ठेवलं.
मीठ.
मीठ आमच्याकडे काय कमी आहे?
उयुनीला नजर जाईल तिथवर पसरलंय, पोत्यानं भरा.
पण ते पडून असतं.
हे चालत आलेलं होतं.

"कसा असतो?"
बराच वेळ टाचण्यांची डबी हलवत बसला.
"अकरा दिवस ओकत होतो, मास्तर.
पोरं विचारायची, तुमची जहाजं कुठं उभी असतात?
मी म्हणायचो, वर."

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,
आई म्हणायची माझी.
हा माणूस चाळीस वर्षं पोहरा सोडत राहिला.
वेडा नव्हता. आड कोरडा आहे हे त्याला
माझ्याहून, मंत्र्यांहून, सगळ्यांहून नीट माहीत होतं.

रिअर अॅडमिरल झाला तेव्हा बारीक फिती उसवून
एक रुंद बसवली, चार बोटं.
तेवीस मार्चच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे.
कागदी टोपीतल्या एका मुलीनं रांग मोडून विचारलं,
"आजोबा, समुद्र किती लांब?"
तो खाली वाकला. काय सांगितलं ते बँडमध्ये बुडालं.
मला एवढंच दिसलं की
तिसरं बटण ताणलंय, कंबर दोन इंच सोडायला हवी.

गेल्या जूनमध्ये साध्या स्वेटरमध्ये आला.
दम लागत होता, जन्मभर या उंचीवर राहून.
"फीत काढा. कोट नातवाला होईल,
त्याला नाटकात बस-कंडक्टर करायचाय."
मी उसवली.
बाही विटून राखाडी झालेली,
फितीखाली मात्र कापड पहिल्या दिवसाइतकं गडद निळं,
चार बोटं रुंद.
दोघांनी पाहिलं. त्यानं अंगठा फिरवला त्यावर
आणि शिलाईचे पैसे विचारले.
मी घेतले. न घेता अपमान झाला असता.

ती पँट अजून माझ्या कपाटात आहे.
न्यायला आला नाही, आता येणारही नाही.
पावती टाचलेली आहे.
नावाच्या जागी काल्सिना,
कामाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात:
धुवू नये.