बेनजिल

मुनेव्वेर हानम मला तुर्की शिकवतात
आयवालिकला, तेलाच्या बंद पडलेल्या गिरणीमागे.
फळा नाही. ऑलिव्ह तेलाचा पालथा डबा,
त्यावर खडू.

बेन म्हणजे मी, त्यांनी लिहिलं.
बेन म्हणजे तीळसुद्धा, अंगावरचा.
आणि हनुवटीवरच्या तिळाला बोट लावून म्हणाल्या,
बघ, केवढा असतो.

मग शब्दांना शेपट्या लावल्या.
ओत् म्हणजे गवत, ओत्चुल ते खाणारा.
एत् म्हणजे मांस, एत्चिल म्हणजे लांडगा.
मिठागरात ध्यान लावून उभा तो बालिकचिल,
मासे खाणारा, बगळा.
"आता सांग. बेनजिल?"

मी खाणारा, मी म्हटलं.
आमच्याकडे त्याला अप्पलपोटा म्हणतात,
पण तो बिचारा निदान
दुसऱ्याच्या ताटातलं तरी खातो.

तेवढ्यात इझमीरहून भावाचा फोन.
मला सगळं कळलं नाही. झाडं कळली, त्रेचाळीस,
तिच्या वाटणीची, विकलेली.
होडी कळली. "या वयात?" कळलं.
आणि शेवटी, दार आपटावं तसा
आजचा शब्द.

फोन खाली ठेवून त्या म्हणाल्या,
ऐकलंस ना? असा वापरतात.
उच्चार चांगला आहे जेव्देतचा,
लहानपणी मीच करून घेतलाय.

एकतीस वर्षं आईचं अंथरूण,
जेव्देतची फी, त्याच्या दोन पोरांची फी,
वहिनीचं बाळंतपण, विधवा मावशी,
आणि मावशीचा तो रागीट दीर, कुणाचाच नसलेला.
मी बोटांवर मोजले, सात भरले.
एक तीळ सात जणांनी वाटून खावा,
हे आम्हाला शहाणपण म्हणून शिकवतात.
तिळाला कुणी विचारलेलं
माझ्या ऐकिवात नाही.

गृहपाठ होता: या शब्दाची पाच वाक्यं.
तो बेनजिल आहे. ती होती. तुम्ही आहात. ते असतील.
चार झरझर झाली.
पाचवं व्याकरणात बसतं,
तोंडात बसत नाही.

वही द्यायला गेले तर दाराला कुलूप.
धक्क्यावर कळलं, पहाटेच गेल्या,
इंजिन दोनदा बंद पडलं,
दोन्ही वेळा स्वतःशीच मोठ्यानं काहीतरी म्हणाल्या.
काय, ते जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं.

तो म्हणाला, वाक्य लहान होतं.
बेनपासून सुरू होत होतं.