वायंगणीहून निघताना

पहाटे चारला सुमो दारात.
इनासने काथ्याने टपावर बांधल्या चार लांबुळक्या पिशव्या.
द्रौपदीकाकू कंदील वर करून म्हणाली,
"इतके गळ घेवन खंयच्या दर्यार?"
व्हिएतनाम, म्हटलं. गवतावर.
तिला पटलं नाही.

आम्ही शिकलो ते ओहोटीच्या ओल्या वाळूत,
कुर्ल्यांच्या बिळांना होल मानून.
रोज नवं मैदान.
मुश्ताकचा एक चेंडू जानेवारीत हरवला
तो मार्चअखेर कासवांच्या कुंपणात सापडला:
बाबलने अंधारात अंडं समजून
शंभरभर अंड्यांसोबत पुरला होता,
वर तारखेची पाटी.

पिल्लं सगळी पाण्यात गेली. हा राहिला.

तातू यादी वाचतोय:
पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या,
सोमवारी बोगदे, मंगळवारी अठरा होल,
मग ती डोंगरांमधली बोट.
मी मोज्यांत सोलं गुंडाळलीत,
ते यादीत नाही.

मोप्याच्या वाटेवर एका वळणाला
दर्या दिसला, अजून काळाच.
खाली कुणीतरी रापण ओढत होतं.
मुश्ताकचा हात मघापासून खिशात.
"उबवतंस काय रे?" तातू म्हणाला.
इनास हसला, गाडी खड्ड्यात गेली,
टपावर लोखंड खणखणलं.

बऱ्याच वेळाने मुश्ताक म्हणाला,
"गरम लागता रे."