उजवा खांदा

शिशिगा तीन हिवाळे गोठ्यामागे उभी होती,
नाक वाऱ्याकडे, चारही चाकं बसलेली.
अत-बाशीत सगळ्यांना ठाऊक, ट्रक मुकाशचा.
मुकाशचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली,
हेही ठाऊक.

या ट्रकचा गिअरचा दांडा पुढे नसतो.
इंजिन बसलंय दोन सीटांच्या मधोमध, पसरून,
ज्याला ऊठ म्हणता येत नाही अशा पाहुण्यासारखं.
म्हणून दांडा मागे गेला, ड्रायव्हरच्या कुशीपाठी.
दुसरा टाकायचा तर हात मागे न्यायचा, न बघता,
पाठ खाजवल्यासारखा.
एकतीस वर्षं.
कुरणांवर तंबूच्या काठ्या, नमदे, मेंढ्या,
एकदा एक अडलेली बाळंतीण.
आता त्या हातानं पियाला उचलत नाही.

केबिन पुढे कलती केली तर खाली
उंदरांनी लोकरीचं घर थाटलेलं.
बोल्ट असे धरून बसले होते
जणू कुणी बजावून गेलं होतं, मी येईपर्यंत सोडू नका.
रात्री रॉकेल, सकाळी हातोडा, दुपारी शिव्या.
चौथ्या दिवशी एक निघाला.
पाचव्या दिवशी एक तुटला.

बाबा खिडकीतून बघायचे.
पाढ्यांच्या आधी त्यांनी मला हे शिकवलं होतं:
एक पाच चार दोन
सहा तीन सात आठ.
शाळेत बाई म्हणाल्या आकडे म्हण, मी हेच म्हटलं,
आणि छडी खाल्ली.
आठ सिलिंडरं ज्या ओळीनं पेटतात
तीच माझी मोजणी.
इंजिनावर कापडी झोळी टांगून ते मला निजवायचे;
बाहेर उणे वीस, खाली आठ जणांची कुजबुज,
आणि गिअर बदलताना त्यांचं कोपर
झोळीला लागायचं. दर चढाला. अजून आठवतं ते, झोप नाही.

एप्रिलात स्टार्टर फिरला.
खोकली, फटाक्यासारखी दोनदा फुटली, गप्प.
पुन्हा तेच.
तेवढ्यात काचेवर टकटक.
बाबांचा डावा हात, दोन बोटं, एकावर एक.
तीन आणि सहा.
वायरी उलट्या लावल्या होत्या मी.
मी, जिनं छडी खाल्ली होती.

दांड्याचं मात्र मी ठरवून ठेवलं होतं: जशी होती तशी.
बिश्केकच्या मोटारबाजारातून जुनीच मूठ आणली,
तोच काळा रंग, तीच चीर.
ओरोझ वेल्डर म्हणाला, पुढे घेता येतो,
मी याआधी दोन केलेत.
मी म्हटलं, नको. जशी होती तशी.
महिनाभर हे तीन शब्द मी इतके वापरले
की त्यांची आटी झिजली.

मग एक दिवस बाबा काठी टेकत बाहेर आले,
बटाट्याच्या खोक्यावर बसले,
बराच वेळ माझा हात मागे जाताना बघत राहिले.
म्हणाले, दांडा पुढे घे.
पण मग ती, बाबा, ती राहणार नाही.
तिला काय त्याचं?
वाटायचं ते मला वाटून झालं.
खांदा तुझा आहे.

ओरोझनं अर्ध्या दिवसात केलं.
मागच्या भोकावर पत्रा मारला, नीट बसला नाही,
तिथून मानेला वारा लागतो.

काल नदीपर्यंत नेली. बाबा शेजारी, मधे ते इंजिन,
बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून बोललो नाही.
खडीच्या चढाला आवाज जड झाला
आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं,
त्यांचा खांदा मागे सरकला.
हात नाही. नुसता खांदा.
गिअर मी टाकला.

शंभर किलोमीटरला तीस लिटर पिते.
दोन मेंढ्या विकाव्या लागतील.
कोणत्या, यावर रात्री भांडलो,
आणि भांडताना त्यांनी पियाला डाव्या हातात धरला होता,
पूर्ण भरलेला.