डब्यांची वही

पावणे एमआयडीसीच्या नाक्यावर,
ट्रक रिव्हर्स घेतात तिथे, माझी खानावळ.
वही लाल पुठ्ठ्याची, दुधाच्या हिशोबाची असते तशी.
कारखान्यात किती माणसं, कोणी विचारलं
तर आकडा मी वहीतून सांगते,
गेटवरच्या पाटीवरून नाही.

रंगाची कंपनी चालू होती तेव्हा बासष्ट डबे.
हे बॉयलरवर. घरी येऊन नाक शिंकरलं
की रुमाल काळा.
दोरीवरचं पांढरं कधी पांढरं सुकलं नाही.
त्याच चिमणीच्या जोरावर
थोरलीचं नर्सिंग झालं,
हेही वहीत आहे.

कंपनी बंद झाली.
सहा पानं नुसत्या रेघा.

मग शेजारच्या प्लॉटवर क्रेन आली.
धूर पकडणार, म्हणाले.
पकडून, गार करून, दाबून टाकीत भरणार
आणि वर त्याचं वजन करणार.
वेल्डर गोरखपूरचे, पाइपवाले केरळचे,
रिगर, फिटर, रंगारी,
एकशे चाळीस डबे!
बुधवारी बोंबलाचं कालवण वेगळं.
भाच्याने कर्ज काढून टेम्पो घेतला,
चाळीतल्या खोल्यांची भाडी दीडपट,
आणि मी बावीस लिटरचा कुकर आणला, हप्त्यावर.

फीत कापली
त्याच्या दुसऱ्या सोमवारी
अकरा डबे.

यंत्रच यंत्राकडे बघतं आता, भाचा म्हणाला.
टेम्पो विकायला काढलाय त्याने.

यांनीही अर्ज टाकला होता.
समोरची मुलगी तिशीचीही नसेल.
काका, अनुभव?
एकतीस वर्षं, हे म्हणाले,
धूर सोडण्याचा.
ती हसली नाही. लिहून घेतलं.
म्हणाली, धूर कुठे फसवतो
ते आमच्या शिकलेल्या पोरांना कळत नाही.

ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांचा करार.
पीएफ कापतात. भरतात का, ते अजून बघायचंय.
आत एक पाणी फिरतं म्हणे, सुकटीच्या वासाचं,
ते धूर धरतं
आणि तापवलं की सोडून देतं.
कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला
त्या वासाचं काय!

रात्री टँकर भरून निघतो महापे रोडने,
बराचसा सोड्याच्या कंपनीत.
म्हणजे बाटली उघडली की परत हवेतच ना?
मी विचारलं.
हे म्हणाले, तू डबा भर.

कुकर माळ्यावर उपडा आहे.
सात हप्ते राहिलेत.
शिट्टी तेवढी काढून ठेवलीय, हरवू नये म्हणून.
थोरली म्हणते, तुझ्या वहीत चुकलंय,
आई, डबे तर बारा जातात.

बारावा यांचा.
तो मी धरत नाही.