दोन सूत

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये
अप्पांचं लेथ अजून चालतं.
तिथंच मी सूत शिकलो:
इंचाचे आठ भाग, त्यातला एक.
दोन सूत म्हणजे पाव इंच.
अप्पा म्हणायचे, पाव इंचाची सूट कुठं मागतोस लेका,
पाव इंचात बेअरिंग पडतं,
बसत नाही.

स्वयंपाकघरात, दुधाच्या खुणांच्या कॅलेंडरवर
एकोणीसला निळा गोल, डॉक्टरीणबाईंचा.
सतराला लाल, बेलापूरच्या एजंटचा.
मधल्या चौकोनात शिवलीलानं लिहिलेलं: गॅस.

एजंटला फोन केला.
दोन-चार दिवस सरकवता येतील का?
तो चिडला नाही, हेच वाईट.
म्हणाला, मगदूम, जहाज मुंद्र्याला बारा तास लागणार.
तुम्ही नाही चढलात तर तिथला फिटर उतरत नाही.
अकरावा महिना चाललाय त्याचा.
गुहागरचा आहे.

त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं,
पण त्या रात्री तो आमच्या खोलीत आला
आणि भरलेल्या बॅगेवर बसून राहिला.

शिवलीला बाळंतपणाला गडहिंग्लजला गेलीच नव्हती.
आई रुसली, मामी बोलल्या.
ही म्हणाली, हे घरात आहेत तर मी तिकडं कशाला?
संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर
दोघांची जागा अडवून बसायची
आणि पोटाला दम द्यायची:
ये की बाबा, पंधराच्या आत ये,
किती आळशी असावं माणसानं!
शेजारी कणीस खाणारा म्हातारा हसला
तसा पदर ओढून घेतला, पण बोलणं थांबवलं नाही.
जिने चढून झाले, अंगण झाडून झालं,
कुणी सांगितलं म्हणून गुळाचा काढाही.
आतलं माणूस आपल्याच वेळेवर.

पंधराच्या रात्री तावडे हॉटेलला मुंबईची बस.
ती रिक्षातून उतरली नाही,
उतरले तर परत चढता यायचं नाही म्हणाली.
अप्पांनी माझी बॅग उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.
बस हलली तेव्हा तिनं ओरडून विचारलं,
चार्जर घेतला का?

मुंद्र्याला गँगवेवर गुहागरवाला उभाच होता.
तीन नंबरचा पंप गळतोय, म्हणाला,
आणि पायऱ्या उतरत गेला
मागं न बघता. मीही नसतं बघितलं.

एकवीसच्या पहाटे, एडनच्या अलीकडे कुठंतरी,
मेसरूमच्या कोपऱ्यात, जिथं जरा रेंज मिळते,
फोटो वरून खाली उतरायला लागला.
आधी दवाखान्याचा पंखा.
मग हिरवा पडदा, अर्धा.
मग अप्पांची टोपी, कपाळ, चष्मा,
चष्म्यात ट्यूबलाइट.
मग खांदे. मग कोपर,
धरलेलं, काहीतरी जपून धरल्यासारखं.
तिथं लाइन गेली.

आवाज मात्र सकाळी आला, अप्पांचा,
मागं भांडी, कुणाचं तरी खोकणं:
पोरगी हाय. शिवलीला बरी हाय, झोपलीया.
नर्सनं सेंटिमीटर सांगितलं, मला काय कळंना.
मग मीच टेप लावला.
एकोणीस इंच, दोन सूत.
बरोब्बर.

वर्कशॉपच्या बाकावर मी खडूनं रेघ मारली.
इकडची खूण टाच, तिकडची टाळू.
हात ठेवून बघितला, दोन वीत आणि वर थोडं.
जहाज डावीकडं कललं, पाना घरंगळत आला,
रेघेच्या आत येण्याआधी धरला.

सेकंड इंजिनिअर डोकावला.
तीन नंबरचा पंप अजून गळत होता.
विचारलं त्यानं, हे माप कुठल्या पाइपचं?
आणि मी, ज्याला आजवर
कुठल्याही मापाचं उत्तर देता आलं,
खडू बोटांत फिरवत राहिलो.
उतरेन तोवर हे माप चुकलेलं असणार.
पुसू नको, एवढंच म्हणालो.